गाभण गाय चढेल असा उतार

बातमी आली तेव्हा मी लुंगीवर होतो. वर मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि त्यावर जाकीट, कारण जनावरांचे बाजार आणि वाहतूक यांविषयी शासनाला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीची ऑनलाइन बैठक चालू होती, आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला माणूस छातीपर्यंतच दिसतो हे ज्ञान मी निवृत्तीनंतर कमावलेलं. पाणवठ्यांवर कुणीतरी बोलत होतं. शेजारी ठेवलेला मोबाइल थरथरला. नांदेडहून सविताचा फोन… आमच्या समितीतले पशुवैद्य डॉ. नागोराव बिरादार यांची मुलगी. ‘‘काका, बाबा गेले,’’ एवढंच म्हणाली. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण माईक चालू होता, त्यामुळे समितीतल्या बाकी सगळ्यांना ते चांगलंच आठवत असणार. अध्यक्षांनी काय झालं विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, आपण दोन मिनिटं उभं राहू या. आणि मी उभा राहिलो. निळ्या चौकड्यांची लुंगी, कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यभागी. आता बसावं तर श्रद्धांजलीत मध्येच बसणार कसं? कुणी हसलं नाही, हे त्या मंडळींचं मोठेपण. मला मात्र ती दोन मिनिटं एकच वाटत होतं, की हे बिरादारांना फोन करून सांगितलं पाहिजे. हसून हसून त्यांना ठसका लागला असता आणि मग ते म्हणाले असते, ‘‘सर, तुमी म्हंजी लई अवघड माणूस.’’ याला आता पाच-सहा आठवडे झाले. अजून रोज एखादी तरी गोष्ट अशी घडते, जी फक्त त्यांनाच सांगण्यासारखी असते.

मी मुळात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. लातूरच्या कॉलेजात जन्मभर मागणी आणि पुरवठा शिकवला. जनावरांशी माझा संबंध म्हणाल तर रोजचं दूध आणि एकदा चावलेलं कुत्रं. त्या कुत्र्यावर मी एक लेख लिहिला होता, मुक्या जिवांची माफी मागणारा, भलताच हळवा. तो छापून आला आणि कुणाच्या तरी नजरेत भरला. समितीत ‘प्राणिमित्र’ अशी एक जागा रिकामी होती, शिवाय सरकारी मसुदा धड मराठीत लिहिणारा माणूस त्यांना हवाच होता. नेमणुकीचं पत्र घरी आलं. आमच्या सौभाग्यवतींनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, ‘‘कुत्र्याला कळवलं का?’’

पहिली बैठक लातूरच्या विश्रामगृहात झाली. मी रात्रभर जागून भाषण तयार केलेलं. बैलाच्या नाकातून दोरी ओवणं ही कशी मध्ययुगीन क्रूरता आहे आणि वेसण तातडीनं बंद कशी झाली पाहिजे, यावर मी चांगला पाव तास बोललो. शेवटी आवाजही जरा कापवला. माझ्यासमोर एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस बसला होता, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, खिशाला दोन पेनं आणि एक थर्मामीटर. देवणीच्या बाजूला आख्खी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात काढून निवृत्त झालेले हे बिरादार डॉक्टर. ते शांतपणे म्हणाले, ‘‘सर, वेसण काढा. माझी ना न्हाई. फकस्त काढल्यावर बैलाला धरायला तुमी या.’’ सगळा हॉल हसला. मी कागद गोळा करायचं निमित्त करून मान खाली घातली. चहाच्या वेळी ते बिस्किटांची बशी घेऊन माझ्याकडं आले. ‘‘राग मानू नका वो. बोलणं लई गोड व्हतं. बैलानं ऐकलं असतं तर रडला असता.’’

मैत्री तिथंच झाली. बैठकांना आम्ही जोडीनं जायला लागलो. मसुदा मी लिहायचा आणि त्यातली चूक त्यांनी बाजारात नेऊन दाखवायची, अशी आमची वाटणी होती. ते कागदावर वाद घालत नसत. ‘‘चला, विचारून येऊ,’’ म्हणत, आणि विचारायचं म्हणजे जनावराला. त्यांची आई सीमेपलीकडची, त्यामुळे बैलाशी, गाईशी ते कानडीत बोलत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘मराठीत बोललं की मला उगंच दवाखान्यात असल्यावाणी वाटतंय.’’

एका गाडीत किती जनावरं न्यावीत याचं कलम मी लिहिलं होतं. कुठल्याशा पुस्तकातून जनावराची लांबी-रुंदी घेतली, गाडीच्या क्षेत्रफळाला भागलं आणि उत्तर काढलं. शिंगं मोजायची असतात हे त्या पुस्तकात नव्हतं. रेणापूरच्या बाजारात मी ते गणित बिरादारांना मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलवली, इकडंतिकडं पाहिलं आणि ओळखीच्या एका पिकअपवाल्याला हाक मारली, ‘‘गफूरभाई, गाडी रिकामी हाय का?’’ मग समितीचे आम्ही पाचही सदस्य, अध्यक्षांसकट, गाडीच्या मागच्या हौद्यात उभे. खडूनं आखून दिलेल्या, माझ्याच गणितातल्या जागेवर. मी कडेचा दांडा धरायला गेलो तर बिरादार म्हणाले, ‘‘सर, हात खाली. बैलाला हात नसतेत.’’ गफूरभाईंनी गाडी सोडली. पहिल्या वळणाला मी अध्यक्षांच्या पोटावर गेलो. दुसऱ्या वळणाला अध्यक्ष माझ्यावर आले. मग कुणाची तरी म्हैस आडवी आली, कचकन ब्रेक लागला आणि आख्खी तज्ज्ञ समिती सकाळच्या फेरीतल्या शेणात बसली. केबिनच्या मागच्या काचेतून गफूरभाईंनी डोकावून विचारलं, ‘‘साब, माल ठीक है?’’ ते कलम मी त्याच संध्याकाळी नव्यानं लिहिलं. तळाला उसाचं पाचट अंथरायचं, दोन जनावरांमध्ये आडवा दांडा लावायचा, शिंगांना जागा सोडायची. माझी पँट मात्र सौभाग्यवतींनी घरात घेतली नाही.

हे असं छान चाललं होतं. मसुद्याचा पक्का कागद झाला की मी तो त्यांच्यापुढं ठेवायचा, सहीच्या जागेवर बोट ठेवायचं. ते पेन काढून विचारायचे, ‘‘सर, तुमी वाचलाय न्हवं?’’ मी हो म्हणायचो. ‘‘मग झालं,’’ म्हणून सही. कागदाकडं नजरसुद्धा टाकत नसत. मला याचं फार अप्रूप होतं. जन्मभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण आपल्या शब्दावर डोळे मिटून सही करणारा माणूस मला म्हातारपणी भेटला.

मग देवणीच्या बाजारात तो प्रसंग घडला. आम्ही नोंदी घेत हिंडत होतो. एक विकलेला बैल गाडीत चढवायचं चाललं होतं. देवणीचा अस्सल वाण, पांढऱ्या अंगावर काळे बांडे पट्टे, तोंड काळंभोर. गाडीचा फाळका चांगला कमरेएवढ्या उंचीवर. पुढून दोघं दावं ओढतायत, मागून दोघं शेपूट पिळतायत. बैलानं पुढचे पाय वर टेकवले, मागच्या पायांनी उसळी घेतली आणि एक पाय फाळक्याच्या फटीत गेला. आवाज झाला… तो आवाज मी इथं लिहीत नाही. बिरादार धावले. ते धुळीतच बसले, बैलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाशी कानडीत पुटपुटत राहिले, ‘‘तम्मा, तम्मा…’’ म्हणजे धाकट्या भावा. त्याला विकणारा शेतकरी हातात रिकामं दावं घेऊन नुसताच उभा होता. बऱ्याच वेळानं बिरादार उठले. माझ्याकडं न बघता त्यांनी जमिनीपासून कमरेपर्यंत हात तिरका वर नेला. ‘‘सर, एवढा मातीचा ढीग असता तर पोरगं चालत चढलं असतं वो.’’

गाडीला लागून असा उंचवटा करतात, मागून उतरता, म्हणजे जनावर चालतच फाळक्याच्या पातळीला येतं. आमच्याकडं त्याला धक्का म्हणतात. धान्याच्या आडतीत पोत्यांसाठी धक्का असतो, स्टेशनवर मालासाठी असतो. बाजारात जनावरासाठी नव्हता. त्या दिवसापासून बिरादारांची समितीत एकच मागणी उरली. जनावरांच्या प्रत्येक बाजारात धक्का. प्रत्येक बैठकीत ते तेच बोलत. ‘‘तुमचे बाकीचे नेम चांगले हायत. पण जनावर चढतानाच मोडायलंय, आन आपुन गाडीतल्या जागेवर भांडायलोत.’’

आता माझा गुन्हा सांगतो. अंतिम अहवाल तयार करायची वेळ आली. अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, धक्का म्हणजे बांधकाम, बांधकाम म्हणजे दुसरं खातं, आणि दुसरं खातं म्हणजे आपला अहवाल तिथंच अडकणार. तो मुद्दा परिशिष्टात घेऊ, दीर्घकालीन उपाय म्हणून. अहवाल एकमतानं जावा याची हौस अध्यक्षांपेक्षा मलाच जास्त होती. मुखपृष्ठावर मसुदाकार म्हणून माझं नाव येणार होतं. मी शिफारशींमधून ते कलम उचललं आणि शेवटच्या परिशिष्टात, नकाशांच्याही मागं, नेऊन ठेवलं. सहीसाठी बिरादार देवणीहून एसटीनं लातूरला माझ्या घरी आले. पेन काढलं. नेहमीच्या प्रश्नाऐवजी त्या दिवशी त्यांनी दुसरंच विचारलं, ‘‘धक्का आलाय न्हवं?’’

मी म्हणालो, ‘‘आलाय की.’’

खोटं नव्हतं. परिशिष्टात आला होता. मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

छापील अहवाल आला त्यानंतर ते पुन्हा घरी आले. ओसरीत खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा लावला. तो चष्मा मी तोवर त्यांच्या नाकावर पाहिलाच नव्हता. पान पान उलटत ते शिफारशींच्या शेवटापर्यंत गेले, मग मागं आले, मग पुन्हा पुढं गेले आणि परिशिष्टात थांबले. मी आत जाऊन चहा सांगितला. खरं तर चहा आधीच सांगितलेला होता. बाहेर आलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘सर, परिशिष्ट म्हंजी उकिरडाच की वो. टाकलेलं कुजून खत हुतंय, न्हाई असं न्हाई. पर ते पीक आपुन बघायचं न्हाई.’’ एवढंच. आवाज चढवला नाही. चहा घेतला, सौभाग्यवतींच्या गुडघ्याची चौकशी केली, गावाकडची तूरडाळ आणली होती ती दिली आणि गेले. मी भांडण सुरू व्हायची वाट बघत होतो. ते भांडले असते तर मी मोकळा झालो असतो.

मैत्री तुटली नाही, हीच त्यातली शिक्षा. फोन चालू राहिले, बाजाराच्या फेऱ्या चालू राहिल्या, माझ्या फजित्यांवर त्यांचं हसणंही चालू राहिलं. फक्त माझ्या हातून गेलेला प्रत्येक कागद ते वाचायला लागले. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, अथपासून इतिपर्यंत. माझ्या धाकटीच्या लग्नाची पत्रिका त्यांना द्यायला मी मुद्दाम देवणीला गेलो, तर तीसुद्धा तशीच वाचली. कुलस्वामिनीपासून ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ या पोराटोरांच्या ओळीपर्यंत. मी हसत म्हणालो, ‘‘डॉक्टर, लग्नाला परिशिष्ट नसतं हो.’’ तेही हसले, मनापासून हसले… आणि पत्रिका उलटून मागची बाजू बघितली.

मला ते जुनं ‘मग झालं’ परत हवं होतं. या वयात माणसाला काय काय हवं असतं! लोकांना गुडघे बदलून हवे असतात, मला बिरादारांनी न वाचता केलेली एक सही हवी होती. माफी मागायचं अनेकदा ठरवलं, पण माफीच्या आड माझा स्वभाव यायचा. तोंड उघडलं की विनोदच बाहेर पडायचा.

आमचा अहवाल कपाटात गेला. काही वर्षांनी, त्याची अंमलबजावणी का झाली नाही हे बघायला दुसरी समिती नेमली गेली आणि आम्ही जुनेच सदस्य तिच्यात पुन्हा घेतले गेलो. याला अनुभव म्हणतात. तोवर बिरादारांच्या फुप्फुसाचं दुखणं वाढलं होतं. सविता त्यांना नांदेडला आपल्या घरी घेऊन गेली होती. या वेळी मी एकच काम डोक्यात धरलं. मसुद्यात पहिलं कलम धक्क्याचं. एकटंच, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत. तो कागद घेऊन मी एसटीनं नांदेडला निघालो. लातूर ते नांदेड सगळा रस्ता मी माफीचे शब्द जुळवत स्वतःशीच पुटपुटत होतो. शेजारचा प्रवासी लोह्याला उतरताना म्हणाला, ‘‘काका, गोळ्या टायमावर घेत जा.’’

बिरादार खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसले होते. खांदे तेवढेच रुंद, पण आत काही उरलं नव्हतं. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा दिसत होता. मी इकडचं तिकडचं बोललो, मग कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणालो, ‘‘डॉक्टर, धक्का पहिल्या पानावर आणलाय. आणि… त्या वेळच्या परिशिष्टाचं मला…’’

‘‘ऱ्हाऊ द्या की सर,’’ ते म्हणाले. मग आत बघून, ‘‘सविता, माझा चष्मा दे गं.’’

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. चष्मा आला. त्यांनी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. एक पान वाचायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे, मधे मधे ते डोळे मिटून श्वास घेत आणि बोट त्याच शब्दावर तसंच ठेवत. शेवटी म्हणाले, ‘‘चूक हाय.’’

‘‘कुठं?’’

‘‘उतार लिवलाच न्हाई तुमी. धक्का बांधा म्हणलं की बांधणारा जागा वाचवायला उभाच्या उभा बांधंल. त्याच्यावर तर जनावर आणखीच घसरतंय.’’ बरोबर होतं. आख्ख्या पानात मी धक्क्याची गरज, धक्क्याचं महत्त्व, धक्क्यामागची करुणा, सगळं लिहिलं होतं, उतार विसरलो होतो. मी विचारलं, ‘‘किती लिहू?’’ त्यांनी विचार केला. ‘‘लिवा… गाभण गाय थांबल्याबिगर चढली पाहिजे.’’ सविताकडून पेन्सिल मागून घेतली आणि समासात एक रेघ ओढली, खालून वर, तिरकी. मध्येच त्यांना धाप लागली. पेन्सिल तशीच कागदावर टेकवून ते थांबले, सविता पुढं झाली, त्यांनी हातानं तिला नको म्हटलं, आणि उरलेली रेघ पुरी केली.

मी पेन पुढं केलं. ते म्हणाले, ‘‘आत्ता न्हाई. दुरुस्त करून आणा. मग करतो.’’

दुरुस्ती मी घरी पोचल्या दिवशीच केली. दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. पण रविवारी नांदेडलाच एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाचं लग्न होतं. म्हटलं, एका फेरीत दोन कामं होतील… सविताचा फोन गुरुवारी आला.

आता कलम समितीनं मान्य केलं आहे. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही, मी उकिरड्याचा जुना जाणकार आहे. परवा कार्यालयातून एका सौजन्यशील बाईंचा फोन आला. त्यांच्या दोन अडचणी होत्या. पहिली, सहीच्या पानावर डॉ. बिरादारांचं नाव आहे ते काढून पान पुन्हा टंकून पाठवा, कारण सही आता होणार नाही. ते मी केलं. दुसरी, ‘गाभण गाय थांबल्याशिवाय चढेल असा उतार’ हे माप नाही, अभियंत्यांना ते कळणार नाही, कृपया अंशात द्या. मी म्हणालो, वाक्य तसंच ठेवा, अंश मी त्याच्यापुढं लिहून पाठवतो.

बोलून बसलो खरा, पण अंश कुठून आणणार? विचारायला माणूस नाही. मग मी क्लासेसच्या रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन कंपासपेटी मागितली. दुकान डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींनी भरलेलं. दुकानदार म्हणाला, ‘‘नातवाला का सर?’’ मी म्हणालो, ‘‘न्हाई, गाईला.’’ त्यानं पेटी काढून दिली. माझी लुंगी बघून समितीनं जशी शांतता पाळली होती, तशीच त्यानंही पाळली.

टेबलावर तो जुना कागद पसरला आणि समासातल्या रेघेवर कोनमापक ठेवला. रेघ थरथरलेली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, दोन वेगळी उत्तरं आली. मला वाटलं नेहमीप्रमाणं मीच चुकतोय. चष्मा पुसून नीट पाहिलं तेव्हा कळलं, की जिथं पेन्सिल टेकवून ते थांबले होते तिथं शिशाचा एक ठिपका आहे आणि रेघ तिथं वाकली आहे. ठिपक्यापर्यंतचा भाग जरासा चढा आहे. श्वास घेऊन पुढं ओढलेला भाग सोपा आहे.

मी पक्क्या मसुद्यात सोपा कोन लिहिला. मग ते पान ओळीखाली बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचलं, आणि सही केली.